सेंद्रिय घ्यावं का? वांग्याचं उत्तर वेगळं, ज्वारीचं वेगळं

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात दोन लहान मुलं, सासू-सासरे. वर्षभरापासून धान्य, डाळी, भाजी, गूळ सगळं सेंद्रिय आणतात आणि त्यापायी महिन्याला साडेतीन हजार रुपये जास्तीचे जातात. सासरे म्हणतात हे सगळं थोतांड आहे, मैत्रीण म्हणते साधी भाजी म्हणजे विष. खरं काय, असं त्या विचारतात.

ताई, मी आधी नऊ वर्षं शेतमालातले फवारणीच्या औषधांचे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होतो. नंतरची तेरा वर्षं नाशिक आणि सांगली भागात द्राक्ष आणि भाजीपाला उत्पादकांना सल्ला देतो आहे, त्यात सेंद्रियकडे वळलेले तीन गटही आले. या सगळ्यातून जे कळलं ते सांगतो. सासऱ्यांचंही पूर्ण बरोबर नाही आणि मैत्रिणीचंही नाही. तुमचे साडेतीन हजार मात्र बरेचसे चुकीच्या पदार्थांवर जात असावेत, असं मला वाटतं.

आधी पोषणाचं बघू, कारण त्यात फार वेळ घालवण्यासारखं नाही. सेंद्रिय पालकात जास्त लोह आणि सेंद्रिय टोमॅटोत जास्त जीवनसत्त्वं असतात, असं दुकानात सर्रास सांगतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. त्यांना पोषणात म्हणावा असा फरक सापडला नाही. २०१४ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३४३ शोधनिबंध घेऊन पुन्हा हिशेब मांडला. त्यांना सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट काहीसे जास्त आणि कॅडमियम हा जड धातू जवळजवळ निम्मा दिसला. कॅडमियमचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण तो काही फॉस्फेट खतांबरोबर जमिनीत येतो आणि तिथे साठत जातो. पण जीवनसत्त्वांसाठी म्हणून सेंद्रियला दुप्पट पैसे मोजू नका. काल सकाळी तोडलेली साधी मेथी ही चार दिवस शीतपेटीत पडून राहिलेल्या सेंद्रिय मेथीपेक्षा केव्हाही सरस.

आजारांबद्दलही विचाराल, म्हणून सांगतो. फ्रान्समध्ये सुमारे ६९ हजार लोकांचा अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यात जास्त सेंद्रिय खाणाऱ्या गटात कर्करोगाचं प्रमाण २५ टक्के कमी दिसलं. त्याची बातमी जगभर गाजली. त्याच्या चार वर्षं आधी ब्रिटनमध्ये सहा लाखांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला होता आणि त्यात एकूण कर्करोगात घट दिसली नव्हती. त्याची बातमी एवढी गाजली नाही. अशा अभ्यासांत मोठी अडचण असते. सेंद्रिय घेणारी माणसं बहुधा बऱ्या परिस्थितीतली असतात, सिगारेट कमी ओढतात, भाज्या जास्त खातात, दवाखान्यात वेळेवर जातात. यातल्या कशाचा किती वाटा, हे सोडवून दाखवणं फार अवघड असतं. म्हणून सेंद्रिय खाल्लं की कर्करोग टळतो, असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

आता अवशेषांकडे येतो. माझं आयुष्य यातच गेलं.

सेंद्रिय मालात अवशेष कमी असतात, ही गोष्ट खरी आहे आणि ती पुन्हा पुन्हा सिद्ध झाली आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल भागातल्या २३ मुलांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांचा नेहमीचा आहार पाच दिवस सेंद्रियवर आणला, तर मॅलेथिऑन आणि क्लोरपायरीफॉस या औषधांच्या खुणा लघवीत जवळजवळ दिसेनाशा झाल्या. नेहमीचं खाणं सुरू केल्यावर त्या परत आल्या. मुलांच्या बाबतीत हा पुरावा मला मोलाचा वाटतो. त्यातून आजार टळला असं सिद्ध होत नाही, पण अंगात जाणारं औषध कमी झालं एवढं तर नक्की होतं.

आपल्याकडे किती आहे? केंद्र सरकारच्या अवशेष तपासणी योजनेत २०१४-१५ मध्ये देशभरातून २०,६१८ नमुने घेतले होते. त्यातल्या १८.७ टक्के नमुन्यांत काही ना काही अवशेष सापडले, आणि मर्यादेपेक्षा जास्त अवशेष २.६ टक्क्यांत. म्हणजे पाचातल्या चार नमुन्यांत काहीच सापडलं नाही. ‘साधी भाजी म्हणजे विष’ हे वाक्य इथे टिकत नाही. पण त्याच अहवालातला तिसरा आकडा मला जास्त खुपतो. १२.५ टक्के नमुन्यांत त्या पिकासाठी मान्यताच नसलेली औषधं सापडली. कापसासाठी आणलेली बाटली घरात उरलेली असते, तीच भेंडीवर आणि मिरचीवर मारली जाते. भाज्यांवर मोनोक्रोटोफॉस वापरायला २००५ पासून बंदी आहे, तरी पुढे कितीतरी वर्षं आम्हाला ते भाज्यांत दिसत होतं. हा दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. आपल्या गावांत औषध कोणतं मारायचं हे बहुतेक वेळा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ठरतं, आणि काउंटरवरचा माणूस ज्याच्यात नफा जास्त तेच पुढे करतो.

कोणत्या भाजीत अवशेष जास्त, हे कळायला तोडा कसा होतो ते बघावं लागतं. वांगं घ्या. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी अंड्यातून बाहेर आली की थोड्याच वेळात फळात शिरते. एकदा आत गेली की वरून केलेली फवारणी तिला लागत नाही. म्हणून शेतकरी ती शिरायच्या आत गाठायला बघतो आणि आठवड्याला, कधी आठवड्यात दोनदा फवारतो. इकडे वांग्याचा तोडा दर चार-पाच दिवसांनी असतो. बाटलीवर लिहिलेलं असतं की फवारणीनंतर इतके दिवस काढणी करू नये. तेवढे दिवस थांबलं तर वांगी जून होतात आणि आडतदार भाव पाडतो. भेंडीचं याहून कठीण, तिचा तोडा दिवसाआड. सोमवारी संध्याकाळी फवारलं आणि बुधवारी पहाटे माल मार्केट यार्डात गेला, असं मी कित्येकदा पाहिलं आहे. कोबी-फ्लॉवर, मिरची, कोथिंबीर, पालक, कढीपत्ता यांचं थोड्याफार फरकाने असंच आहे. पालेभाजीत तर फवारलेलं पानच आपण खातो.

बऱ्याच भाजी उत्पादकांच्या बांधाजवळ दोन-चार सऱ्या ‘घरच्यापुरत्या’ ठेवलेल्या असतात. त्यांच्यावर औषध मारत नाहीत. एका काकांना मी याबद्दल सरळ विचारलं होतं. ते म्हणाले, “साहेब, किडकं वांगं आम्ही चिरून खातो, तुमची शहरातली माणसं एक भोक दिसलं तरी परत ठेवतात.” त्यांच्या या बोलण्यावर तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला रब्बीची ज्वारी आहे. मंगळवेढा, मोहोळ, बार्शी भागातली मालदांडी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते. पाणी नाही, खत जेमतेम, आणि फवारणी करायचं फारसं कोणाच्या मनातही येत नाही, कारण कोरडवाहू ज्वारीला तेवढा खर्च परवडतच नाही. मका किंवा बागायती ज्वारीवर लष्करी अळी आली की फवारतात, ते वेगळं. हुलगा, मटकी, डोंगरउतारावरची नाचणी, वरई, पावसाळ्यातल्या रानभाज्या यांचं ज्वारीसारखंच आहे. या गोष्टी आपल्या आजीच्या काळापासून बिगरफवारणीच्याच आहेत. त्यांच्या पुडीवर ‘ऑरगॅनिक’ छापलं की भाव दुप्पट होतो, आत बदल मात्र फारसा झालेला नसतो. तुमच्या साडेतीन हजारातला मोठा भाग इथे जातो आहे का, ते एकदा बिलं काढून बघा. तूर आणि हरभरा मधल्या गटात येतात. शेंगा पोखरणारी अळी आणि घाटेअळीसाठी त्यांच्यावर फवारण्या होतात, पण औषध शेंगेवर किंवा घाट्यावर पडतं, नंतर पीक वाळतं, मळलं जातं, डाळ भरडून टरफल निघतं, आणि तुम्ही ती धुऊन शिजवता. ताटात येईपर्यंत बहुतेक काही उरत नाही.

गुळाबद्दल मात्र भलताच गैरसमज आहे. काळपट गूळ म्हणजे सेंद्रिय गूळ, असं लोक धरून चालतात. पिवळाधमक रंग येतो तो काहिलीत हायड्रॉस ही रंग उजळवणारी रासायनिक पूड टाकल्याने, आणि भेंडीच्या रसाने मळी काढलेला गूळ गडद होतो, इथपर्यंत खरं. पण तो ऊस युरियावर वाढला की शेणखतावर, हे रंग सांगू शकत नाही. हायड्रॉस न टाकलेला गूळ घ्या, जरूर घ्या, पण सेंद्रिय समजून दुप्पट पैसे देऊ नका. आणि सेंद्रिय असला तरी तो गूळच आहे, मुलांना तो हातचं राखूनच द्यायचा.

द्राक्षांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. २०१० च्या हंगामात युरोपने आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडवले. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला आमचे बागायतदार लिहोसिन म्हणून ओळखतात. खरड छाटणीनंतर फुटीचा जोर आवरायला ते वर्षानुवर्षं वापरत होते. घड यायच्या कितीतरी महिने आधी मारलेलं हे औषध मण्यांत उतरेल, असं कोणाला वाटलं नव्हतं. आणि तपासायच्या रसायनांच्या यादीतच ते नसल्यामुळे आमच्या अहवालांत सगळं साफ दिसत होतं. ज्यांनी कर्ज काढून माल पाठवला होता त्यांच्यावर काय गुदरली, ते मी जवळून पाहिलं. त्या वर्षी मी एक गोष्ट कायमची शिकलो. प्रयोगशाळेला तेच सापडतं जे ती शोधते. म्हणून ‘आमच्या मालाचा रिपोर्ट आहे’ असं कोणी म्हणालं, तर किती रसायनं तपासली आणि नमुना कोणत्या तारखेचा, एवढे दोन प्रश्न विचारा. उत्तर देताना अडखळला तर काय ते समजून घ्या.

त्या फटक्यानंतर आमच्या द्राक्षवाल्यांनी जी शिस्त अंगी बाणवली तिचा मला अभिमान आहे. कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, याचं वेळापत्रक मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून येतं आणि निर्यातीच्या बागेत ते काटेकोर पाळलं जातं. यातूनच ‘रेसिड्यू फ्री’ हा शब्द बाजारात आला. तो सेंद्रियपेक्षा वेगळा आहे. रेसिड्यू फ्री मालावर रासायनिक औषध वापरलेलं असतं, पण काढणीपर्यंत ते ठरावीक पातळीच्या खाली गेलेलं असतं. खाणाऱ्यासाठी म्हणाल तर नीट तपासलेली रेसिड्यू फ्री द्राक्षं मला पूर्ण समाधानकारक वाटतात. माझ्या नातवंडांना मी तीच देतो.

सेंद्रियच्या खात्यातही काही गोष्टी मांडायला हव्यात, कारण सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असं पुष्कळांना वाटतं. सेंद्रिय द्राक्षबागेत डाऊनी या रोगासाठी बोर्डो मिश्रण चालतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं जमिनीत साठतं आणि गांडुळांना बाधतं. म्हणूनच युरोपने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली आहे. झाडापासून आलं म्हणून निरुपद्रवी, असंही नसतं. तंबाखूसुद्धा झाडच आहे.

शेंगदाण्यातली अफ्लाटॉक्सिन ही बुरशीची विषं तर माझ्या मते आपल्या स्वयंपाकघरातली खरी चिंता आहेत. ओल्या साठवणीत ती तयार होतात, शिजवून जात नाहीत, आणि शेंगा सेंद्रिय होत्या की रासायनिक, याच्याशी त्यांचं देणंघेणं नसतं. सुरकुतलेले, काळे पडलेले, कडू दाणे वेचून टाकण्याची आपल्या घरांतली जुनी सवय सोडू नका. आणि कच्च्या मोडाबद्दलही सांगतो. २०११ मध्ये जर्मनीत ई-कोलाय जंतूंमुळे पन्नासहून जास्त माणसं दगावली. तपास एका सेंद्रिय शेतापर्यंत गेला. तिथले मोड इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांचे असल्याचा निष्कर्ष निघाला. मोड सेंद्रिय असोत की नसोत, लहान मुलांना आणि सासू-सासऱ्यांना वाफवूनच द्या.

आता फसवणुकीचं. मला भर शहरातल्या एका दुकानात ‘ऑरगॅनिक’ पट्टी लावलेली कोथिंबीर दिसली होती. त्या दिवशी पहाटे मार्केट यार्डात माझ्यासमोर लिलाव झालेल्या गाडीतलीच ती होती, जुडीची सुतळीसुद्धा तीच. आपल्याकडे प्रमाणीकरणाचे दोन मार्ग आहेत. एक राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, त्यात त्रयस्थ संस्था येऊन तपासते. दुसरा पीजीएस, त्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात. पुडीवर ‘जैविक भारत’चं चिन्ह हवं. पीजीएसमध्ये ‘ग्रीन’ लिहिलं असेल तर शेत अजून बदलाच्या काळात आहे, ‘ऑरगॅनिक’ लिहिलं असेल तर तो काळ पुरा झाला आहे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा शेतकरी थेट तुम्हाला विकत असेल, तर त्याला या चिन्हातून सूट आहे. कागद असले म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने भारताच्या सेंद्रिय प्रमाणीकरणाची २००६ पासूनची मान्यता काढून घेतली. प्रामाणिकपणे कष्ट करणाऱ्या शेतकऱ्यांना याची झळ बसली, आणि तेच मला जास्त लागलं.

एवढं सगळं ऐकून वाटेल की मी सेंद्रियच्या विरोधात आहे. मुळीच नाही. माझ्या मते सेंद्रियचा सगळ्यात मोठा फायदा खाणाऱ्याला होत नाही, फवारणाऱ्याला होतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. कापूस माणसाच्या उंचीचा झाला होता, दमट हवा होती, फवारा तोंडावर येत होता, अंगात साधा शर्ट. तो कापूस आपण खाणार नव्हतो. आपल्या ताटात औषध येतं ते मिलिग्रॅमच्या हिशेबात, आणि त्याच्या मर्यादेमागेही प्राण्यांवरच्या प्रयोगात काहीच परिणाम न दिसलेल्या मात्रेचा साधारण शंभरावा भाग धरलेला असतो. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगावर मात्र औषध अक्षरशः ओघळतं. संध्याकाळी तो घरी येतो आणि त्याच कपड्यांनी लेकराला उचलतो. सेंद्रियला जास्तीचे पैसे देताना ते या माणसासाठी देत असाल, तर तो खर्च मला सार्थ वाटतो.

जमिनीचंही तसंच. शेणखत, हिरवळीचं खत, पिकांची फेरपालट यांनी जमीन भुसभुशीत राहते, पाणी धरते, आणि आपल्या हलक्या होत चाललेल्या रानांना त्याची फार गरज आहे. पण सगळ्यांनी उद्यापासून युरिया सोडावा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हिशेब बघा. ४५ किलोंच्या युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असतं. शेणखतात अर्धा टक्का धरला, तर तेवढ्या नत्राला चार टन शेणखत लागतं. गोठ्यात एक म्हैस आणि दोन शेळ्या असलेल्या माणसाने ते आणायचं कुठून? शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या जिवामृताने जमिनीतले जिवाणू वाढायला मदत होते, पण २०० लिटर पिंपातल्या १० किलो शेणातून एकरभर ऊस पोसेल एवढं नत्र निघत नाही. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचं उत्पादन घसरलं आणि काही महिन्यांतच निर्णय फिरवावा लागला. माझे जे तीन गट टिकले ते हळूहळू वळले. आधी अर्धा एकर, मग एक. पहिली दोन-तीन वर्षं उत्पादन घटलेलंच होतं, आणि त्या काळात माल सेंद्रिय म्हणून विकताही येत नव्हता. एका गटाला पुण्यातल्या काही घरांनी पहिल्या वर्षापासून ठरलेल्या भावाने माल उचलायचं कबूल केलं होतं. तो गट सगळ्यात आधी उभा राहिला.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, कडधान्यं, कांदा, लसूण, लाल भोपळा, नारळ, केळी, कलिंगड साधंच आणायचं. सेंद्रिय साखर, सेंद्रिय बिस्किटं आणि सेंद्रिय चिवडा बंद. वाचलेले पैसे पालेभाज्या, कोथिंबीर, कढीपत्ता, मिरची, वांगी, भेंडी, फ्लॉवर आणि मुलांच्या आवडीची पातळ सालीची फळं यांच्यावर लावायचे, आणि तेही दुकानातून न आणता एखाद्या ओळखीच्या शेतकरी गटाकडून. एकदा रविवारी मुलांना घेऊन त्यांच्या रानात जा. प्रश्न मी देतो: अळीसाठी काय करता, शेवटचं कधी फवारलं, शेजारच्या रानाचा फवारा इकडे येतो तेव्हा काय करता. खरं काम करणारा माणूस किडीचे नर पतंग पकडणारे कामगंध सापळे दाखवेल, सुकलेले शेंडे खुडून पुरतो ते दाखवेल, पाच किलो निंबोळ्या शंभर लिटर पाण्याला असा अर्काचा हिशेब तोंडपाठ सांगेल, आणि गेल्या हंगामात कोणतं पीक हातचं गेलं तेही सांगेल. सगळं अगदी छान आहे असं म्हणणाऱ्यापेक्षा याच्याकडून घ्या.

साध्या भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. सफरचंदासारख्या फळांसाठी लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवा. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात हे तपासलं होतं, आणि सालीवरची औषधं त्याने निघाली, सालीच्या आत मुरलेली मात्र निघाली नाहीत. फ्लॉवरचे तुरे सुटे करून धुवा, कोबीची वरची दोन-तीन पानं टाकून द्या. आणि ताई, मुलांच्या ताटातली भाजी कमी करू नका. महिन्याच्या शेवटी पैसे संपले आणि सेंद्रिय मिळालं नाही म्हणून त्या दिवशी भाजीच केली नाही, असं सांगणारी दोन घरं मला भेटली आहेत. अशा दिवशी कोपऱ्यावरच्या मावशींकडची पालकाची जुडी घ्या, तीन पाण्यांनी धुवा आणि पातळभाजी करा.

किडकं वांगं दिसलं तर तेही घ्या. कीड लागली म्हणजे औषध मारलेलं नाहीच, असं नव्हे, पण ते परत ठेवणं आपण थांबवलं, तर त्या काकांना आठवड्यातली एक फवारणी तरी कमी करता येईल.